बंद पडलेल्या यंत्रांतील जिवंत अक्षरें

दिवा विझला म्हणजे घरांतील वस्तु नाहींशा होत नाहींत. त्या फक्त दिसेनाशा होतात. बंद पडलेल्या लॅपटॉपविषयींहि पुष्कळ अंशीं असेंच म्हणतां येईल. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा अशा गांवांतील सुशिक्षित घरांच्या कपाटांत असा एखादा लॅपटॉप सहज आढळेल. मुलीच्या लग्नाचीं छायाचित्रें, आजोबांचा ध्वनिमुद्रित आवाज, शेतीचा अनेक वर्षांचा हिशेब, मुलाचा प्रबंध हें सारें त्यांत असतें. पण कळ दाबूनहि पडदा उजळत नाहीं, आणि एके दिवशीं तो लॅपटॉप भंगारांत जातो. ही घाई बरी नव्हे.

लॅपटॉप बंद पडतो तो पुष्कळदां मदरबोर्ड, पडदा किंवा बॅटरी यांच्या बिघाडामुळें. हार्ड डिस्क हा त्यांतील स्वतंत्र भाग होय. धातूच्या लहानशा पेटींत चकचकीत तबकड्या असतात व त्यांवरील चुंबकीय थरांत अक्षरें, चित्रें आणि सूर खुणांच्या रूपानें राहतात. वीज गेली तरी त्या खुणा पुसल्या जात नाहींत. उणीव असते ती त्या वाचणाऱ्याची.

वाचणारा नसला म्हणजे लेख मुका होतो, हा अनुभव यवतमाळला नवा नाहीं. महानुभाव पंथीयांनीं आपले ग्रंथ शतकानुशतकें सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत जतन केले. सकळ लिपींत अक्षरांची अदलाबदल केलेली असल्यामुळें बाहेरच्या वाचकास तो मजकूर अर्थहीन वाटे. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं त्या लिपीची किल्ली उलगडली. आणि यवतमाळचे संशोधक यशवंत खुशाल देशपांडे यांनीं हस्तलिखितांचा कसून अभ्यास करून १९२५ सालीं ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पोथ्या होत्या तशाच होत्या. किल्ली सांपडली आणि त्या बोलूं लागल्या.

हार्ड डिस्कच्या बाबतींत अशी किल्ली म्हणजे अडॅप्टर. प्रथम लॅपटॉपची वीज तोडून बॅटरी काढावी. मागील झांकण उघडलें म्हणजे अडीच इंची डिस्क दिसते. ती अलगद बाहेर घ्यावी व तिचा सांधा पाहावा. जुन्या आयडीई पद्धतीच्या डिस्कला ४४ टांचण्यांची दुहेरी रांग असते; नंतरच्या साटा पद्धतीच्या डिस्कला दोन चपटे सांधे असतात, एक ७ व दुसरा १५ पट्ट्यांचा. त्या जातीचा यूएसबी अडॅप्टर जोडला म्हणजे दुसऱ्या संगणकास ही डिस्क वाचतां येते. अडीच इंची डिस्कला बहुधा यूएसबीची ५ व्होल्टची वीज पुरते. टेबलावरील संगणकाच्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा निराळा पुरवठा लागतो.

येथें एका प्रश्नापासून सावध राहावें. डिस्क फॉरमॅट करावयाची काय, असें संगणक कधीं कधीं विचारतो. त्यास होकार देऊं नये. मॅक किंवा लिनक्स पद्धतीनें लिहिलेली डिस्क विंडोजला ओळखतां येत नाहीं. ती अपरिचित असते, रिकामी नव्हे. न समजणारी पोथी कोरी समजून तिच्यावर शाई ओतण्यासारखाच तो प्रकार होईल.

चुकून पुसलेला मजकूरहि पुष्कळदां परत मिळतो. कारण अशा डिस्कवर पुसणें म्हणजे बहुधा अनुक्रमणिकेंतील नोंद काढणें होय. त्या जागीं नवें लिखाण पडेपर्यंत जुनें तेथेंच राहतें. म्हणून अशा डिस्कवर कांहींहि नवें लिहूं नये. प्रथम तिची नक्कल दुसरीकडे उतरून घ्यावी.

सर्वच डिस्का मात्र घरीं वाचत नाहींत. तबकडीवरून फिरणारें वाचक-शीर्ष केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाहूनहि कमी अंतरावर तरंगत असतें. डिस्कमधून टक् टक् असा आवाज आल्यास वीज तत्काळ बंद करावी. प्रत्येक नवा प्रयत्न तबकडीवर ओरखडे पाडण्याचा संभव असतो. तेथें तज्ज्ञाकडेच जावें. बिटलॉकरसारख्या कुलपानें मजकूर सांकेतिक केला असेल तर मूळ किल्लीवांचून अडॅप्टरहि निरुपयोगी ठरतो. आणि कांहीं नव्या लॅपटॉपांत सांठवणच मदरबोर्डावर डांक देऊन बसविलेली असल्यामुळें ती वेगळी काढतां येत नाहीं.

तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत पुढें स्वारीच्या धामधुमींत नाहींशी झाली. तें चरित्र पुन्हां उभें राहिलें, कारण तें अनुयायांच्या पाठांतरांतहि होतें. ज्या लेखाची दुसरी प्रत आहे, त्याला यंत्राच्या मरणाचें भय थोडें. तेव्हां जुन्या डिस्कमधील ठेवा हातीं लागतांच त्याच्या दोन प्रती कराव्या व त्या दोन निराळ्या ठिकाणीं ठेवाव्या. आणि हें काम डिस्क फिरते आहे तोंवरच करावें.