जपानी फळाची अढी

२००८ सालच्या ऑक्टोबरात मी मुलीकडे कॅलिफोर्नियात गेले होते. सॅक्रामेंटोजवळ प्लेसर काउंटीतल्या एका लहान गावात तिचं घर. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या, जपानी वंशाच्या एक बाई राहत. मी पोचल्यावर दोनच दिवसांनी त्यांनी कागदी पिशवी भरून फळं आणून दिली. केशरी, तुकतुकीत, उलट्या धरलेल्या मोदकासारखी, देठाशी चार पानांची हिरवी टोपी. नाव पर्सिमन. रंग इतका सुंदर, की बाईंची पाठ वळताच मी एक धुतलं आणि सफरचंदासारखा कचकन चावा घेतला.

श्रोतेहो, ओली सुपारी आणि कच्चं केळं एकदम चघळून पाहा, म्हणजे कल्पना येईल. जीभ टाळ्याला चिकटली. पाणी झालं, साखर झाली, तुरटपणा हटेना. सगळी पिशवी मी कचऱ्याच्या डब्यात टाकून दिली. चार दिवसांनी बाईंनी विचारलं, "आवडली का फळं?" मी म्हटलं, "फारच छान होती हो!"

खरं तर मला कळायला हवं होतं. माझं बालपण चंद्रपूरकडे गेलं. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात, ते टेंभुर्णीचं झाड पर्सिमनचं सख्खं भावंड. दोन्ही डायोस्पायरॉस या एकाच कुळीतली. उन्हाळ्यात आम्ही पोरं कच्ची टेंभरं खायचो, तोंड वाकडं करायचो आणि आजी ओरडायची, "अगं, पिकू तर द्या!" ती ती पेंढ्यात अढी घालून ठेवायची. आंब्याची अढी आपण जाणतो. पण अमेरिकेतल्या फळाला अढी लागेल, हे काही डोक्यात आलं नाही. मनात अढी बसली ती वेगळीच.

पुढच्या आठवड्यात बाईंच्या घरी गेले, तर मागच्या पडवीत बांबूंना शेकडो फळं टांगलेली. तीच मोदकाच्या आकाराची, पण सोललेली, देठाला दोरा बांधून. ही 'हाचिया' जात. कच्ची असताना तिच्यात टॅनिन विरघळलेलं असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड आवळतं. फळ पिकून पार लिबलिबीत झालं, की टॅनिनची मोठी, न विरघळणारी साखळी होते आणि ते जिभेला जाणवत नाही. वाळवल्यावरही तेच होतं. टांगल्यावर आठवडाभरानं वरची साल घट्ट झाली, की दर दोन-चार दिवसांनी एकेक फळ बोटांनी हलकेच चेपायचं, दमलेल्या माणसाचे पाय चेपावेत तसं. चार ते सहा आठवड्यांत आतली साखर वर येऊन पांढरी पिठी धरते. बाहेरून ओतलेली नव्हे, फळाचीच. याला म्हणतात होशिगाकी. खजूर आणि अंजीर यांच्या मधली चव. मला खजुरापेक्षा कांकणभर सरसच वाटली.

झाडं बाईंच्या वडिलांनी लावलेली. १९४२मध्ये अमेरिकी सरकारनं पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या एक लाखाहून जास्त माणसांना घरांतून उठवून छावण्यांत ठेवलं. त्यात बाईंचं कुटुंबही होतं. त्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. परतल्यावर अनेकांच्या जमिनी गेलेल्या होत्या. यांची बाग एका शेजाऱ्यानं सांभाळली म्हणून राहिली. हे सगळं त्या फळं चेपता चेपता, आवाज न चढवता सांगत होत्या. मला मात्र डब्यातली पिशवी दिसत होती.

दुसरी मुख्य जात 'फुयू'. टोमॅटोसारखी चपटी. ही कडक असतानाच गोड. पेरूसारखी फोडी करून तिखटमीठ लावून खावी. पण चपटं ते गोडच, असं धरून चालू नका. 'हिरातानेनाशी' चपटी आणि बिनबियांची, तरी तुरट. जपानात मद्यार्कानं किंवा कार्बन डायऑक्साइडनं तिचा तुरटपणा घालवतात. म्हणून अनोळखी फळाचा आधी कडेचा नखभर तुकडा चाखावा. तुरट लागलं तर केळ्याशेजारी झाकून ठेवावं. हाचिया पाण्यानं भरलेल्या फुग्यासारखी मऊ लागेपर्यंत हात लावू नये. आणि कच्ची तुरट फळं उपाशीपोटी ढीगभर खाऊ नयेत, पोटात टॅनिनचा गोळा होऊ शकतो.

आता स्वयंपाक. या फळात आंबटपणा जवळपास नाही, त्यामुळे नुसता मुरंबा मिळमिळीत होतो, लिंबू हवंच. फुयूची कोशिंबीर झकास होते: बारीक फोडी, दही, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, वरून जिऱ्याची फोडणी. मेथांबाही करून पाहिला, चिंचेचा कोळ घालून. जावयानं दोनदा मागून घेतला, आणि तो सहसा काही मागत नाही.

पिकलेल्या हाचियाचा गर चमच्यानं काढून शिऱ्यात घालावा. एक वाटी रवा तुपात भाजून दोन वाट्या उकळत्या पाण्यात शिजवायचा, अर्धी वाटी साखर, वेलदोडा, आणि वाटीभर गर गॅस बंद केल्यावर. गर उकळू नये. फळ जरा जरी कमी पिकलेलं असलं, तर उष्णतेनं दबलेला तुरटपणा पुन्हा वर येतो. मी एकदा घाई केली, सगळा शिरा वाया गेला.

हल्ली हे फळ आपल्याकडेही मिळतं. कुलू भागात त्याला 'जपानी फळ'च म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेट्या पुण्यापर्यंत येतात, जात मात्र विक्रेत्याला क्वचितच सांगता येते. उत्तरेत याला 'रामफल'ही म्हणतात. आपल्या रामफळाशी त्याचा काही संबंध नाही. मागच्या वर्षी मी बाल्कनीत दहा टांगली. दोन पडली, तिनांना मुंग्या लागल्या, पाच जमली.

कॅलिफोर्निया सोडायच्या आदल्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. बाईंना पहिल्या पिशवीचं खरं काय झालं ते सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "माहीत आहे. तुमच्या डब्याचं झाकण लागत नव्हतं." आणि दुसरी पिशवी माझ्या हातात दिली.