रांगेत तापणारी गाडी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, गणपतीच्या आदल्या दिवसांत मुंबईहून कोकणात निघालेल्या गाड्यांची रांग आठवून पाहा. बाहेर पाऊस असतो, हवेत गारवा असतो. तरीही कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. मालक सांगत असतो, "पनवेलपर्यंत काही तक्रार नव्हती हो, रांगेत अडकलो आणि काटा वर गेला." या एका वाक्यातच निम्मे निदान असते.

इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. बाकीची काही धुराबरोबर जाते आणि बरीचशी इंजिनात खेळणारे कूलंट रेडिएटरपर्यंत आणून सोडते. गाडी वेगात असते, तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. गाडी थांबली की सारी भिस्त पंख्यावर. जुन्या ॲम्बेसेडरचा पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरे. आजच्या बहुतेक लहान मोटारींत तो विजेवर चालतो आणि कूलंट ठरावीक तापमानाला पोचले की आपोआप सुरू होतो.

म्हणून वेगात ठीक आणि रांगेत गरम, अशी तक्रार असेल तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा. काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकला तरी पंखा गप्प असेल, तर एसी लावून पाहा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा सुरू होतो. तो फिरला, तर मोटर बहुधा शाबूत आहे. दोष तापमान ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरींमध्ये शोधावा. नाहीच फिरला, तर आधी फ्यूज, मग रिले, आणि शेवटी मेकॅनिककडून मोटरला थेट बॅटरीचा प्रवाह देऊन खात्री करून घ्यावी. फ्यूज काही रुपयांचा असतो. तो न पाहता रेडिएटर बदलण्याची घाई करू नये.

पंखा फिरतो, तरी गाडी तापते? मग कूलंटची पातळी पाहा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत धूळ, पाने, किडे अडकून वारा कोंडलेला असतो. इंजिन गार असताना आतल्या बाजूने बाहेरच्या बाजूला, हलक्या धारेने धुवावे. जोराच्या धारेने पातळ पत्रे वाकतात. पंख्याभोवतीचे प्लास्टिकचे आवरण जागेवर आहे ना, तेही बघावे. ते नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच ओढतो.

वेगातही गाडी तापत असेल, तर कारण वेगळे: थर्मोस्टॅट अडकलेला, पाण्याचा पंप थकलेला किंवा बोअरच्या पाण्यातील क्षारांनी रेडिएटर आतून चोंदलेला. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नये. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, इंधन जास्त जळते आणि झीज वाढते.

रांगेत काटा चढू लागला तर एसी बंद करा, हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडा. घाम फुटेल खरा, पण इंजिनची काही उष्णता तरी बाहेर निघेल. काटा लाल पट्ट्यात शिरला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. "एवढा घाट चढून जाऊ" हा मोह महागात पडतो. ॲल्युमिनियमचे हेड वाकले किंवा गॅस्केट गेले, तर खर्च फ्यूजच्या शेकडो पट होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. आत दाब असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते एकदम उकळून चेहऱ्यावर, हातांवर उडते. फडके धरून उघडले तरी हा धोका टळत नाही. निदान अर्धा तास थांबा, आणि हाताला रेडिएटर गार लागला तरच झाकणाला हात लावा. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, आणि पंख्यापासून बोटे दूर ठेवा. काही गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो. गावी पोचायला तासभर उशीर झाला तरी चालेल, गणपती वाट पाहतील.