दान आणि वर्गणी



निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. अशा काळात मातृभाषेची सोय समाजालाच करावी लागली. तेलुगू बांधवांनी १९०१ साली श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम स्थापिले; केशवराव कोरटकरांसारख्या धुरीणांच्या पुढाकाराने १९०७ साली विवेकवर्धिनी उभी राहिली. शासनाने न केलेले कार्य लोकांच्या दानाने केले.

परंतु दानाने वास्तू उभी राहते. संस्था चालते ती वर्गणीवर. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आपण येथेच राहिलो. तेव्हापासून हा भार अधिकच आपला झाला. दात्यांची नावे शिलेवर कोरली जातात, वर्गणीदारांची वहीत राहतात. ती वहीच कोरी राहिली, तर शिलेवरील नावे वाचावयास कोण येणार?