उन्हाळ्याची सुट्टी, अल्प खर्च आणि आपली मुले
(ज्ञातिमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शाळांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या की आपल्या घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : आता इतके दिवस या मुलांचे करावयाचे काय? प्रश्न दिसावयास घरगुती आहे. परंतु तो संस्थेच्या व्यासपीठावर मांडावा असे कार्यकारी मंडळास वाटले, आणि त्यावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली. ही आज्ञा आम्ही आनंदाने शिरोधार्य मानतो.

आपल्या समाजातील काही कुटुंबे सुट्टीत महाबळेश्वरास जातात, काही त्याहूनही दूर जातात. काहींची मुले शुल्क भरून निरनिराळ्या शिबिरांत जातात. ज्यांना परमेश्वराने दिले आहे त्यांनी खुशाल जावे. पण याच सभागृहात अशीही कुटुंबे बसली आहेत की ज्यांचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे, वर पत्र्याचे छप्पर, वडील यंत्रमागावर आणि आई घरी विड्या वळणारी. त्या घरातील मुलाची सुट्टी गल्लीत, नाही तर मोबाईलपुढे जाते. जून महिन्यात शाळा उघडते, गुरुजी ‘माझी सुट्टी’ या विषयावर निबंध लिहावयास सांगतात, तेव्हा एक मूल तीन पाने भरते आणि शेजारचे मूल कोऱ्या कागदाकडे पाहत बसते. ही दोन्ही मुले आपलीच आहेत. म्हणून हा विषय केवळ करमणुकीचा नव्हे, असे आम्ही मानतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात सहलीस पैसा थोडा लागतो, वेळेची शिस्त मात्र फार लागते. ही शिस्त एकट्या कुटुंबास जड जाते. दहा कुटुंबांनी मिळून पाळली तर ती सोपी होते.

प्रथम वेळेचा विचार करू. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या शहराचा पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, हे आपणांस सांगावयास नको. परंतु मे महिन्यात सूर्य सहाच्या आत उगवतो. पहाटे साडेपाचला घर सोडले आणि नऊपर्यंत परतलो, तर साडेतीन तास हाती येतात. मुलांच्या सहलीस एवढा वेळ पुरेसा आहे. शिवाय नऊला घरी आलेली आई आपल्या कामास बसू शकते. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. दिवसभराच्या सहलीत जी मजुरी बुडते ती सकाळच्या सहलीत बुडत नाही. हा मुद्दा बरेचदा नजरेआड होतो, आणि गरीब घरची माणसे ‘आम्हांला जमणार नाही’ एवढेच म्हणून घरी राहतात.

आता जावे कोठे? आपण सोलापूरकर आपल्या गावाकडे परक्याच्या दृष्टीने पाहत नाही, म्हणून येथे पाहण्यासारखे काही नाही असे म्हणतो. पहिल्या रविवारी मुलांना भुईकोट किल्ला दाखवावा. बहामनी काळातील हा किल्ला आहे. त्यास दुहेरी तट आहे, एका अंगाला सिद्धेश्वर तलावाचे पाणी व इतर बाजूंना खंदक आहे. डोंगर नसलेल्या मुलखात शत्रूस अडवावयाचे तर पाण्याचा कसा उपयोग करीत, हे भूगोल व इतिहास यांचे एकत्र दर्शन तेथे घडते. किल्ल्याच्या आत जुन्या देवालयाचे अवशेषही आहेत. पुरातत्त्व खात्याच्या रक्षित वास्तूंत पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते. मोठ्यांनी तेवढे विचारून घ्यावे.

दुसऱ्या रविवारी सिद्धेश्वराचे दर्शन घ्यावे आणि तेथूनच पुढे अडुसष्ट लिंगांच्या वाटेस लागावे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी या नगरीच्या परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, अशी परंपरा आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक आपण गर्दीतून पाहतो. पण त्या मार्गावरील लिंगे सावकाश पाहण्यास उन्हाळ्याची शांत सकाळ अधिक सोयीची. सर्व अडुसष्ट एका दिवसात करण्याचा हट्ट नको. एका सकाळी आठ-दहा घ्यावीत, मुलाने वहीत प्रत्येकाचे ठिकाण मांडावे, कच्चा नकाशा काढावा. सुट्टी संपेपर्यंत आपल्या गावाचा नकाशा त्याच्या हाताने तयार झालेला असेल.

तिसरी सकाळ आपल्या गावाच्या माणसांसाठी ठेवावी. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली येथेच झाला. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे पथक चीनमध्ये जखमींच्या सेवेस गेले, त्यात ते होते. आणि १९४२ च्या डिसेंबरात अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जन्मघराचे आता स्मारक झाले आहे. तेथून चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी जावे. १९३० च्या मे महिन्यात, म्हणजे अशाच उन्हात, हे शहर परकीय सत्तेविरुद्ध उठले. काही दिवस सरकारी अंमल येथून नाहीसा झाला आणि मग लष्करी कायदा पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले गेले. ही चार नावे मुलांकडून मोठ्याने म्हणवून घ्यावीत. निरनिराळ्या जातिधर्मांची माणसे एका कारणासाठी एकत्र कशी मेली, हे ज्ञातिसंस्थेच्या मुलांना तर अवश्य कळावे.

चौथी सकाळ गावाबाहेरची. तुळजापूरच्या रस्त्यावरील हिप्परग्याचा, म्हणजे एकरूखचा तलाव १८७१ साली पूर्ण झाला. आदिला नदी अडवून बांधलेला हा तलाव मुंबई इलाख्यातील जुन्या मोठ्या पाटबंधाऱ्यांच्या कामांपैकी एक होय. दुष्काळी मुलखात पाणी साठविण्याचे मोल काय, हे मुलांना तेथे उभे करून सांगावे. ज्यांना थोडे दूर जाणे शक्य आहे त्यांनी बार्शी रस्त्यावरील नान्नजच्या अभयारण्याचा विचार करावा. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी ते राखले गेले. माळढोक आता अगदी क्वचित दिसतो, तेव्हा तो दिसेलच अशी आशा मुलांना लावू नये. काळविटांचे कळप दिसले तरी सकाळ सार्थकी लागली असे समजावे. माळावरचे अनेक पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. म्हणून वनखात्याची परवानगी घेऊन, नेमून दिलेल्या वाटेनेच चालावे व आवाज करू नये.

पूर्ण दिवसाची सहल संपूर्ण सुट्टीत एकच करावी, आणि ती एप्रिलच्या आरंभी, नाही तर पहिला पाऊस पडल्यावर. हैदराबाद रस्त्यावरील नळदुर्गास एस. टी. ने जाता येते. तेथे बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला आहे. हे काम दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळचे. उन्हाळ्यात तेथील नर-मादी धबधबे कोरडे असतात, हे मुलांना आधीच सांगावे म्हणजे निराशा होत नाही. दुसरे स्थान हत्तरसंग कुडलचे. भीमा आणि सीना यांच्या संगमावरील त्या देवालयात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. आपल्या भाषेच्या अतिप्राचीन लेखांपैकी तो एक होय. जी भाषा आपले मूल शाळेत गिरवते ती सहस्र वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली पाहणे, हा अनुभव पैशाने मोजता येत नाही. तेथे जाण्यास मात्र वाहन लागते. चार-पाच कुटुंबांनी मिळून केल्यास ते परवडते.

एस. टी. च्या प्रवासात २०२३ सालापासून महिलांना राज्यात निम्मे भाडे आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मेच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. आजी-आजोबा, आई व मुले यांचा असा प्रवास किती स्वस्त होतो, याचा हिशेब आपणच करून पाहावा. निघण्यापूर्वी आगारात चौकशी करावी आणि वयाचा दाखला जवळ ठेवावा.

आता दुपारचे काय? अकरा ते पाच मुलांना बाहेर सोडू नये, हा आमचा स्पष्ट आग्रह आहे. पण घरात बसणे म्हणजे कंटाळणे नव्हे. पापड, कुरडया, सांडगे यांचे काम घरोघरी चाललेलेच असते. त्यात मुलांना, आणि केवळ मुलींना नव्हे, तर मुलग्यांनाही हात लावू द्यावा. सागरगोटे, काचापाणी, सारीपाट, पत्ते यांस खर्च नाही. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था या गावात आहे. मुलाच्या हाती आठवड्यास एक पुस्तक द्यावे आणि रात्री गच्चीवर त्याने त्याची गोष्ट सर्वांना सांगावी. आणखी एक काम आम्ही सुचवितो. आजोबा-आजी, आत्या, मामा यांना विचारून मुलांनी आपली वंशावळ लिहावी : मूळ गाव कोणते, सोलापुरास कोण आले, कोणत्या गिरणीत अथवा मागावर लागले. १८७७ साली सुरू झालेली आपली जुनी गिरणी आज नाही. तिच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस चाले ती माणसेही आता थोडी उरली आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घेण्यास पुढची सुट्टी उशिराची ठरेल.

एक कौतुक तर अंगणातच पाहावयास मिळते. मे महिन्याच्या १० किंवा ११ तारखेच्या सुमारास सोलापुरावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या किंचित अगोदर सपाट जागी पाण्याचा तांब्या किंवा सरळ काठी उभी करावी. तिची सावली दिसेनाशी होते. आपले शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेसतरा अंशांहून थोडे वर आहे, आणि उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी तेवढ्याच अंशांवर पोहोचतो, म्हणून असे घडते. दिल्लीच्या मुलांना हे कधीच पाहावयास मिळत नाही, कारण सूर्य तेवढ्या उत्तरेस जात नाही. डोक्यास रुमाल बांधून पाच मिनिटे उभे राहावे, आणि लगेच सावलीत यावे.

सुरक्षिततेबद्दल दोन शब्द बोलणे आमचे कर्तव्य आहे. प्रत्येक मुलाजवळ पाण्याची स्वतंत्र बाटली असावी. ताक, लिंबाचे सरबत, कैरीचे पन्हे घरूनच न्यावे. रस्त्यावरील बर्फाचे गोळे टाळावेत. मूल भ्रमिष्टासारखे बोलू लागले, अंग तापले, ग्लानी आली, तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन, ओल्या फडक्याने अंग पुसून, वारा घालून तत्काळ १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तलाव, विहीर, कालवा येथे मुलांना एकटे जाऊ देऊ नये. पोहणे शिकवावयाचे तर ते जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालीच शिकवावे.

शेवटी संस्थेपुढे आमची सूचना. येत्या सुट्टीत चार रविवार ठरवावेत. पेठवार दहा-दहा कुटुंबांचे गट करावेत व प्रत्येक गटास दोन जाणत्या व्यक्ती नेमाव्यात, त्यांत एक भगिनी असावी. शिदोरी प्रत्येकाने आपापली आणावी : कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. ही न्याहारी श्रीमंताच्या डब्यात आणि गरिबाच्या डब्यात सारखीच दिसते, हे तिचे मोठे भूषण आहे. प्रवासखर्चासाठी कार्यालयात एक बंद पेटी ठेवावी. ज्यास जे शक्य असेल ते त्याने त्यात टाकावे. देणाऱ्यांची यादी वाचली जाऊ नये, न देणाऱ्यांची तर नकोच. आपण संस्थेच्या इमारतीस देणगी देतो तेव्हा नावाची पाटी लागते. मुलांच्या सहलीस दिलेल्या देणगीस पाटी नसावी, एवढीच प्रार्थना.

ज्यांच्या घरी मोटारी आहेत त्यांनी त्या घेऊन यावे, परंतु आपली मुले गटाबरोबरच चालवावीत. महाबळेश्वरास गेलेले मूल आणि न गेलेले मूल यांनी एकाच तटावरून एकाच सकाळी सूर्य उगवताना पाहिला, तर जूनमधील तो निबंध दोघेही लिहितील. संस्थेने एवढे साधले तरी तिचे वर्ष सार्थकी लागले, असे आम्ही समजू.