शस्त्रक्रियेनंतरचा संभ्रम : पूर्वानुमानाचा प्रश्न



चेन्नईतील मैलापूर ही कपालीश्वर मंदिराभोवती वाढलेली जुनी वस्ती. मुले परदेशी आणि घरी वृद्ध दांपत्य, हे चित्र अशा वस्त्यांत आता सवयीचे झाले आहे. सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या गृहिणीचे खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि दुसऱ्या रात्री ती सलाईनची नळी ओढू लागते, मुलीला ओळखत नाही. घरच्यांना वाटते, वेड लागले. वस्तुतः ही डेलिरियम, म्हणजे तीव्र संभ्रमावस्था असते. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने वाढत जातो. संभ्रम काही तासांत उद्भवतो आणि दिवसभरात कमी-अधिक होतो. त्याचा एक प्रकार अगदी शांत असतो. रुग्ण निमूट पडून राहतो, म्हणून ‘त्रास देत नाही’ असे समजले जाते. हाच प्रकार सर्वाधिक निसटतो.

धोका आधी ओळखता येतो काय? अमेरिकेत 1994 साली मार्कँटोनियो आणि सहकाऱ्यांनी हृदयाव्यतिरिक्त पूर्वनियोजित शस्त्रक्रिया झालेल्या 1,341 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वय 70 वा अधिक, मद्याचे व्यसन, मंदावलेली आकलनशक्ती, घटलेली हालचाल, रक्तातील सोडियम, पोटॅशियम वा साखरेतील मोठा बिघाड आणि छातीची शस्त्रक्रिया यांना प्रत्येकी एक गुण. महाधमनीच्या फुगवट्यावरील शस्त्रक्रियेला दोन. शून्य गुणांच्या गटात सुमारे 2 टक्के रुग्णांना संभ्रम झाला. तीन वा अधिक गुणांच्या गटात जवळजवळ निम्म्यांना. यांतील वय बदलता येत नाही, सोडियम मात्र सुधारता येते. पूर्वानुमानाचे खरे मोल तेथे आहे. हा नियम नियोजित शस्त्रक्रियांवरून बांधलेला आहे. अवचित मोडलेल्या खुब्याच्या बाबतीत धोका अधिकच धरावा लागतो.

आकलनशक्ती मात्र रुग्णाच्या भाषेतच तपासली पाहिजे. लक्ष टिकते का हे पाहण्यासाठी महिने उलट क्रमाने म्हणवून घेतात. मैलापूरच्या आजींना डिसेंबर-नोव्हेंबर अडखळवतील, पण पंगुनीपासून चित्तिरैपर्यंत त्या सहज मागे येतील. मराठी आजी फाल्गुनापासून चैत्रापर्यंत. शिक्षणाच्या अभावाला बुद्धीचा दोष ठरविणे ही साधी चूक नव्हे. त्याने सारा अंदाजच बिघडतो. ही नोंद शस्त्रक्रियेपूर्वी हवी, अन्यथा नंतरचा बदल कशाशी ताडून पाहणार?

उपाय विशेष खर्चिक नाहीत. इनूये यांच्या 1999 च्या अभ्यासात रुग्णालयात दाखल झालेल्या 852 वृद्धांपैकी नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत संभ्रमाचे प्रमाण 15 टक्के, तर चष्मा, श्रवणयंत्र, पुरेसे पाणी, अखंड झोप आणि लवकर चालविणे यांवर भर दिलेल्यांत 9.9 टक्के होते. झोपेसाठी सर्रास दिली जाणारी बेंझोडायझेपीन वर्गातील औषधे वृद्धांत उलट संभ्रम वाढवू शकतात. आपल्याकडे खाटेशेजारी बसणारा नातेवाईक हा मोठा आधार. ‘आज वेगळेच बोलतात’ हे प्रथम त्यालाच जाणवते.

मैलापूरपासून काही किलोमीटरवरच्या शासकीय सामान्य रुग्णालयात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी 1978 साली वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. 2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्ती 10 कोटींहून अधिक होत्या. वृद्धरोगतज्ज्ञ मात्र आजही मोजक्याच शहरांत आहेत. जिल्हा रुग्णालयात गुणांची ही मोजणी भूलतज्ज्ञ किंवा परिचारिकेलाच करावी लागेल, आणि ती दहा मिनिटांत होण्याजोगी आहे.