यादी चावडीवर वाचा!

(नारायणगुडा, हैदराबाद येथील मराठी मंडळींपुढे केलेले भाषण)



न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या नावाची शाळा ज्या नारायणगुड्यात उभी आहे, तेथे आम्ही आज शेतकऱ्याच्या पैशाविषयी बोलणार आहोत. नवल वाटावयास नको. आपल्यापैकी कित्येकांचा नोकरीधंदा येथे आणि सातबारा नांदेड-परभणीकडे! १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच सरकारच्या दप्तरात होता. आज आदिलाबादेतला भाऊ एका राज्याच्या यादीत, तर किनवटातला दुसऱ्याच्या.

२६ मार्च २०२० रोजी, देश टाळेबंदीत असताना, केंद्रीय अर्थमंत्र्यांनी १ लाख ७० हजार कोटींची मदत घोषित केली. तीत ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांस प्रत्येकी २ हजार रुपये होते. पण हे २ हजार कोणते? पीएम-किसान योजनेचे वर्षाचे ६ हजार तीन हप्त्यांनी द्यावयाचे, हे २०१९ सालीच ठरले होते. त्यांतलाच हा एक हप्ता! तो लवकर दिला, हे चांगलेच केले. बाजार बंद असता हाती पडलेले २ हजार काही थोडे नव्हेत. परंतु गड्याचा ठरलेला पगार हातावर ठेवून त्यास बक्षिसी म्हणणारा धनी आम्ही पाहिला आहे. देणे निराळे, मदत निराळी.

आता वाटपाकडे वळू. जानेवारी २०२१ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली उघड झाले की, ह्या योजनेतील १,३६४ कोटी रुपये २० लाख ४८ हजार अपात्र लोकांच्या खात्यांत गेले होते. त्यांतले निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे! वास्तविक गावची यादी पंचायतीच्या फळ्यावर लावावी, असे योजनेचेच नियम सांगतात. गावात प्राप्तिकर कोण भरतो, हे दिल्लीच्या यंत्रास उशिरा कळते. पारावर बसणाऱ्यास ते आधीच ठाऊक असते. संकेतस्थळावरील यादी शेजारी वाचत नाही. यादी चार माणसांसमोर मोठ्याने वाचली, तरच खोटे नाव ठेवणाऱ्याचा हात कापतो.

महाराष्ट्राने २४ फेब्रुवारी २०२० रोजी कर्जमुक्तीची पहिली यादी काढली. ६८ गावे, १५,३५८ शेतकरी. आपले नाव, आपली रक्कम शेतकऱ्याने पाहावी आणि पटले नाही तर तक्रार करावी, ही रीत योग्य होती. पुढे टाळेबंदी आली, आणि ज्या ग्रामसभेत प्रश्न विचारावयाचा, ती भरेनाशी झाली.

तेलंगणात त्या काळी रयतू बंधू योजना होती; एकरी ५ हजार, दर हंगामास. जमिनीला कमाल मर्यादा नाही, म्हणून ज्याचे एकर अधिक त्याचे पैसेही अधिक. आणि खंडाने कसणारा मात्र कोरडा! पट्टेदारांची यादी कितीही उघडी ठेवा, घाम गाळणारा तीत दिसत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, कोणास मिळाले एवढेच सांगून भागणार नाही. कोणास नाकारले आणि का, हेही सांगा.

ह्यावर खाजगीपणाची ढाल पुढे केली जाते. आधार क्रमांक, बँकेचे खाते फळ्यावर लावू नका, हे आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. परंतु सरकारी तिजोरीतून किती रुपये कोणास गेले, हे खाजगी कसे? जी माहिती संसदेस नाकारता येत नाही ती सामान्य माणसासही नाकारता येणार नाही, असे एक वाक्य माहिती अधिकाराच्या कायद्यात होते. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने ते वगळण्याची तरतूद केली. व्यापक लोकहितासाठी माहिती देण्याचे कलम मात्र शिल्लक आहे. त्याचाच आधार घेऊन अर्ज करावे लागतील.

आपण १ मे किंवा २ ऑक्टोबरला गावी असाल, तर ग्रामसभेत जा. नावे आणि रकमा वाचावयास सांगा; मग वगळलेल्यांची नावे व कारणे विचारा. ‘यादी नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.