रस्त्याकाठची खारफुटी कोण सांभाळणार?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

वर्सोव्यात चार माणसं जमली की विषय रस्त्यांवर येतो. दक्षिणेकडून वांद्रे–वर्सोवा सागरी सेतू येतो आहे. इथून पुढे मालाड, चारकोप, गोराईच्या खाड्या ओलांडत किनारी रस्ता भाईंदरला जाणार आहे, सुमारे 26 किलोमीटर. त्यासाठी खारफुटीची 45 हजारांहून अधिक झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये महापालिकेला परवानगी दिली. एका झाडामागे तीन लावू, असं महापालिकेने सांगितलं आहे. रस्ता हवा की नको, हा वाद आज मी उकरून काढणार नाही. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. लावलेली रोपं आणि पुलाखाली उरलेलं खाजण उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर कोण सांभाळणार?

कायदा आपल्याकडे कमकुवत नाही. 2005 साली उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड थांबवली, 2018 च्या निकालाने ती बंदी पक्की केली आणि भोवतीचा 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. वनखात्याचा कांदळवन कक्ष 2012 पासून काम करतो आहे. पण कायदा कुऱ्हाड अडवतो. झाड जगवायचं काम रोजचं असतं आणि ते पाण्यापाशी सुरू होतं.

आपल्या खाडीत सगळ्यात जास्त दिसते ती तिवर. ओहोटीला तिच्या बुंध्याभोवती पाहा. चिखलातून बोटभर उंचीचे, पेन्सिलीसारखे शेकडो कोंब वर आलेले असतात. ती तिची श्वास घेणारी मुळं. त्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळं हवेत डोकं काढतात. भरतीत काही तास ती बुडतात आणि ओहोटीला पुन्हा मोकळी होतात. त्यांच्यावर प्लास्टिकचा थर बसला, राडारोडा पडला किंवा पाणी आठवडेच्या आठवडे तुंबून राहिलं, की झाड उभ्याउभ्या गुदमरतं. कोणी हात न लावता ते मरतं आणि मग त्याचा गुन्हाही नोंदवला जात नाही.

रस्त्याचं काम नेमकं इथे नडतं. क्रेन आणि डंपर नेण्यासाठी चिखलावर तात्पुरता भराव टाकतात. पूल उभा राहतो, पण भराव पुरता उचलला नाही तर तो खाडीला बांध घातल्यासारखाच राहतो. रस्त्याखालच्या मोऱ्यांची गोष्ट तीच. मोरी अरुंद ठेवली किंवा गाळ आणि थर्माकोलने बुजली, तर आतल्या बाजूला उधाणाचं पाणी पोचत नाही आणि पावसाचं पाणी बाहेर पडत नाही. निवटे जातात, चिंबोऱ्या जातात, तिवर वाळते. त्या मोरीच्या पलीकडे तिप्पट रोपं लावली तरी ती जगणार नाहीत.

2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेने किनाऱ्यावर मोठ्या हौसेने खारफुटी लावली. पुढे संशोधकांनी 23 ठिकाणं तपासली, त्यांतल्या 9 ठिकाणी एकही रोप जिवंत नव्हतं. जागेची चुकीची निवड आणि नंतरची हेळसांड ही त्यातली मोठी कारणं. आपल्याकडेही मोकळी चिखलाची जमीन दिसली की रोपं लावायचा मोह होतो. पण ती जमीन ओसाड नसते. हिवाळ्यात येणारे किनारपक्षी तिथेच चरतात. तिथे रोपं ठोकली तर एक अधिवास वाचवताना दुसरा बुडतो. तिवरीची बी पावसाळ्यात गळते आणि पाण्यावर तरंगत जागा शोधते. भरतीचा रस्ता मोकळा केला, तर बरीचशी लागवड खाडी स्वतःच करते.

आणि देखभालीने काय होतं, हे वर्सोव्याला कोणी शिकवायला नको. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शहा यांनी एका वृद्ध शेजाऱ्यासोबत इथल्या किनाऱ्यावरचा कचरा उचलायला सुरुवात केली. पुढे शेकडो हात लागले. 2016 साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला. मार्च 2018 मध्ये याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली, कित्येक वर्षांनंतर. हे फळ आठवड्यामागून आठवडा तेच काम करत राहिल्याचं. पण पुलाखालची खाडी स्वयंसेवकांवर सोपवून सरकारला मोकळं होता येणार नाही. ज्याचा रस्ता, त्याचीच ही जबाबदारी. पुलाचे सांधे आणि बेअरिंग तपासायला जसा दरवर्षी निधी लागतो, तसा मोऱ्या उपसायला, अडकलेलं प्लास्टिक काढायला, मेलेल्या रोपांची कारणं शोधायला वेगळा निधी रस्ता वापरात असेपर्यंत ठेवला पाहिजे. पहिल्या तीन-चार वर्षांत रोपं मोजून फाइल बंद करणं मला मान्य नाही.

तेव्हा माझी विनंती आहे. के पश्चिम वॉर्डात या रस्त्याची पुढची बैठक होईल तेव्हा जरूर जा आणि तीन गोष्टी लेखी मागा: तात्पुरता भराव कोणत्या तारखेपर्यंत उचलणार, खाडीवरच्या मोऱ्या कोण आणि कधी साफ करणार, आणि त्याचे पैसे कोणत्या खात्यात ठेवले आहेत. कोळीवाड्यातल्या जाणत्यांना सोबत न्या. पाणी कुठे अडतं, हे त्यांना नकाशाशिवाय सांगता येतं.